मिठाखालचं सोनं आणि माझी सही

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी भांडायचं म्हटलं की मला अजून तुम्हीच लागता. घरात भांडून उपयोग नाही. नवरा सगळं शांतपणे ऐकून घेतो आणि शेवटी "मग सोडून दे की" म्हणतो, की माझा राग दुप्पट होतो. ऑफिसात भांडून झालं, त्याचा निकाल पुढे सांगते. उरलात तुम्ही. कॉलेजात बाकी सगळ्यांना आम्ही मॅडम म्हणायचो, आणि तुम्ही मात्र पहिल्याच तासाला सांगितलंत, "मला बाई म्हणा, मॅडम ऐकलं की वर्गात दुसरंच कुणीतरी आल्यासारखं वाटतं." म्हणून बाईच म्हणते. सध्या मी घरी बसून आहे. सोसायटीत रजा घेतली आहे असं सांगितलंय, पण ही रजा नाही. मला घरी बसवलंय. का बसवलंय ते सांगते, आणि मधे बोलू नका, तुमची ती सवय मला चांगली माहीत आहे.

तुम्ही गेलात तेव्हा मी पाणी शोधणाऱ्या लोकांबरोबर गावोगाव हिंडत होते. पुढे लेक झाली, सासूबाई थकल्या, हिंडणं बंद झालं, आणि मी चाकणला नोकरी धरली. तळेगावच्या रस्त्याला, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्याला लागून आमचं ऑफिस आहे. शेजारी दिवसभर प्रेसचे दणके चालू असतात आणि आम्ही एसीत बसून दगड बघतो. म्हणजे दगडांचे फोटो बघतो. हसू नका. परदेशातल्या खाणकंपन्या जमिनीत खोल भोकं पाडतात, त्यातून वर आलेले दगडाचे बारके तुकडे मीटरामीटराने प्लास्टिकच्या डब्यांत भरतात, डब्यांचे फोटो काढून आमच्याकडे पाठवतात. कितव्या मीटरला कोणता दगड लागला हे आम्ही चाकणला बसून लिहायचं. पूर्वी हे काम भोकाशेजारी उभा असलेला भूशास्त्रज्ञ करायचा. त्याचा पगार वाचवायचा म्हणून आता आम्ही. मला हे पहिल्या दिवसापासून पटलेलं नव्हतं, पण कंपनीची बस घराजवळ नाशिक फाट्यावर येते आणि संध्याकाळी मी घरी असते, म्हणून गप्प बसले.

तर या वर्षी आमच्याकडे मिठाच्या तळ्याचं काम आलं. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला अशी तळी पुष्कळ आहेत. नावाला तळं, पण वर्षातला बहुतेक काळ त्यात पाणी नसतंच. वर मिठाचा थर, खाली चिखल. काठावरच्या जुन्या हिरवट काळ्या दगडांत लोक पिढ्यान् पिढ्या सोनं काढत आले आहेत. तोच दगडांचा पट्टा तळ्याशी येऊन चिखलाखाली गडप होतो आणि पलीकडच्या काठावर पुन्हा डोकं वर काढतो. मग सोनं काय काठावर येऊन थांबलं असेल? एवढाच साधा विचार आहे त्यामागे. इतके दिवस तिथे फारसं कुणी गेलं नाही, कारण जड यंत्र नेलं की ते रुतून बसायचं. आता रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारी हलकी यंत्रं आली आहेत, ती चिखलावरून जातात आणि खालच्या खऱ्या दगडापर्यंत पोचतात. मी खरंच हरखले होते, बाई. दोनतीन दिवस मी घरी येऊन जेवताना हेच बोलत होते. तुम्ही असता तर मी बस सांगवीला सोडून सरळ तुमच्याकडे आले असते.

फोटो यायला लागले. काळ्या तुकड्यांत पांढरे तुकडे दिसत होते, काही डब्यांत थोडे, काहींत भरपूर. आता पांढरं दिसलं की सोनं शोधणाऱ्याचं काळीज हलतंच. गारगोटीची शीर दगडातून जाते तिथे पुष्कळदा सोनं तिच्या सोबतीला असतं. शेजारच्या टेबलावर लातूरकडचा एक मुलगा, म्हणजे आता दोन लेकरांचा बाप आहे, सॉफ्टवेअर सांभाळतो. त्याने सॉफ्टवेअरला शिकवून ठेवलं होतं की पांढरं म्हणजे गारगोटी. बघता बघता पडद्यावर तळ्याखालून जाणारा गारगोटीचा एक रुंद पट्टा रंगून तयार झाला. आमचे साहेब खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवायला लागले. त्याच दुपारी चाकण चौकातून पेढे आणले, आणि तिकडच्या कंपनीला कळवलं की तळ्याखाली सोन्याची मोठी शक्यता दिसते आहे. पेढा मीही खाल्ला. पण मला एक गोष्ट खटकत होती. एका डब्याचे चुकून दोन फोटो आले होते, एक भोक पाडलं त्या दिवशीचा आणि एक नंतरच्या आठवड्यातला. पहिल्यात तुकडे काळे होते. दुसऱ्यात तेच तुकडे निम्मे पांढरे. गारगोटी काही डब्यात वाढत नाही. मी सॉफ्टवेअरवाल्याला दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून दाखवले. तो म्हणाला, "मॅडम, उजेडाचा फरक असंल. आपल्याला काय करायचंय? पांढरं दिसलं की ते गारगोटी म्हणतंय, बस." मी म्हटलं, अरे, ते सॉफ्टवेअर म्हणतंय, मी कुठे म्हणतेय?

इथे तुमची आठवण येणारच. मोशीच्या खाणीत तुम्ही आम्हाला नेलं होतंत, उन्हाने खाणीचे कडे तापलेले, आणि आमच्यापैकी निम्म्या जणी पदर नि ओढण्या डोक्यावर घेऊन उभ्या. आपल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत पांढरं काय काय सापडतं, आणि सगळं पांढरं सारखंच दिसतं. तुम्ही एक तुकडा वर धरून विचारलंत हे काय, आणि मी लांबूनच ओरडले, कॅल्साइट. तुम्ही त्यावर ॲसिडचा थेंब टाकलात, तो फसफसला, म्हणजे माझं उत्तर बरोबर होतं. आणि तरी तुम्ही मला शून्य दिलंत. सगळ्यांसमोर. "उत्तर बरोबर आहे, पण तू पाहिलेलं नाहीस. हातात घेतलं नाहीस, ओरखडलं नाहीस, जिभेला लावलं नाहीस. तुझ्या बरोबर उत्तराचं मी काय करू?" मी परतीच्या पीएमटी बसमध्ये रडले होते आणि मैत्रिणींना सांगितलं होतं की या बाईंना माझं तोंड आवडत नाही. त्यावर त्याच आठवड्यात तुम्ही मला घरी बोलावलंत. सांगवीच्या त्या लहान स्वयंपाकघरात एका शेगडीवर आमटी उकळते आहे, ओट्यावर कोथिंबीर चिरून ठेवलेली आहे आणि तिच्या शेजारी दगडांचा ढीग. तुम्ही मला ब्रश देता आणि म्हणता, आधी धू. नळाखाली धर आणि धू. धुतल्याशिवाय दगडाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. आमटी होईपर्यंत मी दगड घासत बसते, आणि नंतर त्याच ओट्यावर आपण दोघी जेवतो. माझ्या लग्नात तुम्ही तसाच एक नवा ब्रश कागदात बांधून दिलात. सासूबाईंनी आहेर उघडून बघितला आणि म्हणाल्या, "आगं, बाईंनी भांडी घासायचा ब्रश दिला व्हय? आमी काय तुला भांडी घासायला आणलीया?" पुढे किती तरी दिवस आमच्याकडे तो विनोद चालला.

आणि हेही सांगून टाकते, कारण राग आलाच आहे तर सगळाच येऊ दे. कॉलेजातला आपला भूशास्त्राचा विभाग बंद झाला. मुलं मिळेनात म्हणे. मुलं मिळेनात, मग काय करता, असं प्राचार्य मला म्हणाले, जसं काही ते मुलांना शोधायला कधी वर्गाबाहेर पडले होते. तुम्ही जन्मभर जमवलेले नमुने, प्रत्येकाला तुमच्या हातची चिठ्ठी, ते सगळे कॉलेजच्या फाटकापाशी शोभेच्या बागेत मांडले आहेत. मधे एक कारंजं आहे, ते बंद असतं. मी गेले तेव्हा तिथे एक मुलगी चप्पल घासून शेण काढत होती, आणि ती ज्यावर घासत होती तो जास्परचा, त्या लाल गुळगुळीत दगडाचा, नमुना होता. तिचा काय दोष.

तर पुढे ऐका. मी साहेबांच्या मागे लागले की निदान एक खेप डबे इकडे मागवा. आधी नाही म्हणाले, मग मी रोजच विचारायला लागल्यावर कंटाळून हो म्हणाले. डबे आले. मी झाकण उघडलं, एक पांढरा तुकडा उचलला आणि जिभेला लावला. खारट. असा तसा नाही, मिठागरातला खडा तोंडात टाकावा तसा. दुसरा डबा, तिसरा डबा, तेच. पँट्रीत चहा करणाऱ्या मावशी दारातून बघत होत्या. त्या चाकणजवळच्या गावच्या, बोलायला फटकळ. "आवो मॅडम, दगाड चाटताय व्हय? डबा न्हाई आणला का आज? माझ्यातली भाकर देती की." मी म्हटलं, मावशी, भाकरी नंतर, आधी मला तुमचं बेसिन द्या. चहाच्या गाळणीत तुकडे घेतले, नळ सोडला आणि घासले. पांढरं सगळं वाहून गेलं. खाली राहिला स्वच्छ, हिरवट काळा दगड. गारगोटी औषधाला सुद्धा नव्हती. मावशी म्हणाल्या, "गाळणी मातुर आता तुमीच नवी आणायची." ती मी दुसऱ्या दिवशी आणून दिली.

मग तिकडच्या यंत्रावरच्या माणसाला मी विचारलं, तुकडे कशाने धुता? तो बिचारा सरळ होता. गोडं पाणी लांबून टँकरने येतं, ते प्यायला आणि यंत्राला पुरत नाही, म्हणून तुकडे तळ्याच्याच पाण्यात खळबळतो आणि झाकण उघडं ठेवून उन्हात वाळवतो. झालं. मिठाच्या पाण्यात बुडवलेले तुकडे उन्हात ठेवले की त्यांच्यावर मीठच चढणार. जे डबे जास्त दिवस उन्हात राहिले ते जास्त पांढरे. जी भोकं आधी पाडली त्यांचे डबे सर्वांत आधी उघडे पडले, म्हणून आमच्या पडद्यावर गारगोटीचा पट्टा बरोबर त्याच भोकांच्या रांगेत दिसत होता. त्या माणसाला दोष नाही देत मी. त्याच्या शेजारी दगड ओळखणारं कुणी उभंच नव्हतं, आणि ज्यांनी ओळखायचं ते समुद्रापलीकडे फोटो मोठा करून बघत होते.

मला वाटलं, आता सगळे हसतील, कपाळाला हात लावतील आणि अहवाल दुरुस्त होईल. मला खरंच तसं वाटलं होतं, या वयात. साहेब माझ्यापेक्षा बरेच लहान आहेत, माणूस म्हणून वाईट नाहीत, लेकीच्या बारावीच्या निकालाला घरी मिठाई घेऊन आले होते. ते मला केबिनमध्ये घेऊन गेले आणि दार लावून म्हणाले, "मॅडम, क्लायंट खूश आहे. तुम्ही कशाला नाट लावताय?"

"नाट नाही लावत. ते मीठ आहे."

"कशावरून?"

"चाखून."

"हे मी मीटिंगमध्ये सांगू? आमच्या सीनियर मॅडमनी दगड चाटला म्हणून?"

"सांगा. आणि धुतल्यानंतरचे फोटो दाखवा."

"मॅडम, रिपोर्टमध्ये आपण शक्यता म्हटलंय. शक्यता म्हणजे असू शकतं. त्यात खोटं काय आहे? तुम्ही फक्त शेवटच्या पानावर सही करा."

सही माझीच लागते, कारण आख्ख्या ऑफिसात भूशास्त्र शिकलेली मी एकटी. बाकी सगळे हुशार आहेत, पण दगडाचे नाहीत. तळ्याखाली सोन्याची शक्यता आहे हे मलाही मान्य होतं, बाई, माझ्याइतकं तिथे कुणालाच मान्य नव्हतं! पण काठावरचा दगड आत गेलाय म्हणून शक्यता असणं वेगळं, आणि आम्हाला गारगोटी दिसली म्हणून शक्यता आहे असं लिहिणं वेगळं. दिसली कुणाला? कुठे आहे? ती तर चाकणच्या गटारात वाहून गेली. मी म्हटलं, तुकड्यांवर मीठ होतं असं लिहा, मी उभ्या उभ्या सही करते. ते म्हणाले, आता कळवून झालंय, आता मीठ म्हटलं तर आपली काय पत राहील? मी म्हटलं, माझी तरी राहील. हे जरा जास्तच झालं असावं. कारण त्यावर ते एकदम गोड बोलायला लागले. "तुम्ही थकलाय मॅडम. थोडे दिवस घरी थांबा. शांतपणे विचार करा." आणि दुसऱ्या दिवशीपासून बसवाल्याच्या यादीत माझं नाव नव्हतं. मी नाशिक फाट्यावर उभी, बस समोरून गेली, आत ओळखीचे चेहरे, आणि कुणी हात सुद्धा केला नाही.

हे सगळं सांगायला मी तुम्हाला मागेच लिहिणार होते. पण खरा संताप पुढे आहे. परवा सॉफ्टवेअरवाल्याचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. "मॅडम, सोनं निघालं बरं का! तिकडच्या लॅबनं तुकडे तपासलेत, निकाल आलाय. एका भोकात चांगलं आहे म्हणायलेत. तुमी उगंच भांडून बसलाव."

मी विचारलं, कितव्या मीटरला? त्याने शोधून सांगितलं. मी म्हटलं, त्या मीटरपुढे आपण काय लिहिलंय ते वाच. त्याने ते पान उघडलं. मग हळूच म्हणाला, "काळा दगड. विशेष काही नाही, असं आहे मॅडम."

म्हणजे सोनं होतं, आणि ते त्या काळ्या दगडात होतं, ज्याला आम्ही विशेष काही नाही म्हणून सोडून दिलं होतं. पांढऱ्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. मी त्याला म्हटलं, हे साहेबांना सांग. त्याने सांगितलं असावं, कारण तासाभरात साहेबांचाच फोन आला. मी मनात म्हटलं, चला, आता तरी माफी मागतील. कसली माफी! "मॅडम, आता तर प्रूव्हच झालं. सोमवारी या, बस सांगून ठेवतो. सही करा, विषय संपवू."

"अहो, सोनं काळ्या दगडात आहे. अहवालात तुम्ही पांढऱ्यात म्हटलंय."

"पण भोक तेच आहे ना?"

भोक तेच आहे ना! बाई, मी त्या माणसाला काय उत्तर देऊ? परीक्षेत शेजारणीच्या पेपरावर माझा नंबर पडला आणि मी पहिली आले, तर वर्ग तोच होता ना? पण हसण्यावारी नेण्यासारखं नाही हे. आता तिकडे दुसऱ्या खेपेला भोकं पाडणार आहेत, आणि ती पाडणार आहेत पांढऱ्याच्या मागे. म्हणजे जिथे डबे जास्त दिवस उन्हात पडले होते तिथे ते यंत्र जाणार, आणि जिथे खरोखर काही आहे तो काळा दगड आमच्याच कागदावर रिकामा म्हणून लिहिलेला. तिथे काही मिळालं नाही की हेच लोक म्हणतील, तळ्याखाली काही नसतंच. आणि या सगळ्याच्या खाली नाव माझं. इतका राग मला त्या शून्याच्या दिवशी सुद्धा आला नव्हता. तेव्हा निदान तुम्ही माझ्याकडे बघत होतात. इथे मी बरोबर बोलले, दगड धुऊन दाखवला, आणि तरी सगळ्या ऑफिसच्या लेखी मी ती चिडकी बाई, जिचं म्हणणं सोनं निघाल्यावर खोटं पडलं. मावशींचाही फोन आला होता. "मॅडम, सोनं घावलं म्हणं. मग आता या की माघारी, हितं करमत न्हाई." त्यांना काय समजावून सांगू? मी म्हटलं, येते.

सोमवारी मी जाणार आहे. एक वाक्य घेऊन जाणार आहे, पाठ करून. पांढरं दिसतं ते मीठ आहे, सोनं काळ्या दगडात आहे, आणि सगळे डबे गोड्या पाण्याने धुऊन पुन्हा बघायला हवेत. हे अहवालात आलं तर सही. नाही आलं तर तिथूनच राजीनामा. लेकीचं शेवटचं वर्ष आहे आणि घराचे हप्ते चालू आहेत, तेव्हा हे मी फार शूरपणे म्हणते आहे असं समजू नका. नवऱ्याला सांगितलं तर या वेळी तो "सोडून दे" म्हणाला नाही. नुसता म्हणाला, "मी सोडायला येऊ का चाकणपर्यंत?" मी हो म्हटलं.

एवढंच लिहून थांबणार होते. पण एक गोष्ट राहिली. तो फोन आला ना, सोनं निघालं म्हणून, तेव्हा कितवा मीटर विचारण्याआधी, काळं की पांढरं हे सुचण्याआधी, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की कशाला निघालं? त्या एवढ्याशा वेळात मला ते आख्खं तळं कोरडं ठणठणीत निघायला हवं होतं. मी दगडाची माणूस, चिखलाखालून सोनं वर आलं आणि मला वाईट वाटलं. फक्त मी खरी ठरावी म्हणून. हे मी घरात कुणाला बोललेले नाही. तुम्ही असता तर तुम्हाला सुद्धा सांगितलं नसतं, बाई. नाही आहात म्हणून लिहिता आलं.